दारात येणारी टर्की: जलरंगातलं पहिलं पक्षीचित्र

नोव्हेंबर आला की अमेरिकेत शाळेत जाणाऱ्या मराठी मुलांच्या दप्तरातून एक टर्की हमखास घरी येते. कागदावर पंजा पसरून ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची, अंगठ्याचं डोकं करायचं, चार बोटांचा पिसारा करायचा आणि त्यात लाल, पिवळा, नारिंगी भरायचा. ती फ्रिजवर लागते आणि नकळत मोठ्यांच्याही डोक्यात जाऊन बसते. मग खिडकीबाहेर खरी टर्की गवत उकरत असते आणि आपण कागदावर पिसारा काढायला घेतो. प्रत्यक्षात टर्कीचा पिसारा बहुतेक वेळ मिटलेलाच असतो. मादी तर तो क्वचितच उघडते.

म्हणून या लेखात पिसारा अगदी शेवटी येईल. आधी चालणारी, खाणारी, मान उंच करून आपल्याकडे संशयाने बघणारी टर्की. लांबून ती मळकट काळी-तपकिरी दिसते. ऊन पडलं आणि ती जरा वळली की पाठीवर तांबं, कांस्य, हिरवा आणि मध्येच जांभळट असे रंग चमकून जातात. काळ्या रंगाची ट्यूब न उघडता गडद रंग कसा करायचा हे शिकायला हा पक्षी उत्तम आहे, शिवाय तो स्वतःच्या पायांनी आपल्या दारात येतो.

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली आणि त्यानंतर ब्रशला हात लावला नाही, अशा मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिते आहे. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांनीही जरूर वाचावं. घरातले सगळे कामाला गेले की खिडकीशी बसायला वेळ त्यांनाच असतो.

कुठे आणि केव्हा

बॉस्टनच्या आसपासच्या न्यूटन, ब्रुकलाईनसारख्या उपनगरांत टर्की फुटपाथवरून आरामात चालताना दिसते, गाड्या थांबवते, कुणाच्याही लॉनवर शिरते. ती इथे पूर्वीपासूनच असणार असं वाटतं, पण मधली शंभरेक वर्षं ती इथे नव्हती. जंगलं तोडून शेतं झाली, शिकार बेसुमार झाली आणि मॅसॅच्युसेट्समधली शेवटची रानटर्की १८५१ साली माउंट टॉमवर मारली गेली. पुढे जंगल परत वाढलं. १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून ३७ पक्षी आणून पश्चिमेकडच्या बर्कशायर भागात सोडले आणि आज दिसणारे थवे मुख्यतः त्यांच्याच वंशातले. न्यू जर्सीत हेच काम १९७७ मध्ये २२ पक्ष्यांपासून सुरू झालं.

दिवसाच्या दोन वेळा चांगल्या: सकाळी उजाडल्यानंतरचे एक-दोन तास आणि ऊन कलल्यानंतर. ओकच्या झाडाखाली पडलेली फळं, बर्ड फीडरखाली सांडलेले दाणे, नुकतं कापलेलं गवत अशा जागा हेरून ठेवा. संध्याकाळी टर्क्या झोपायला झाडावर जातात. एवढा जड पक्षी धावत जाऊन फांदीवर उडतो हे पहिल्यांदा बघणाऱ्याला खरं वाटत नाही.

ऋतूप्रमाणे चित्राचा विषयही बदलतो. मार्च ते मे हा नरांच्या मिरवण्याचा काळ. पिसारा उघडायचा, पंख जमिनीला घासायचे, डोकं लालबुंद करायचं, सगळं तेव्हाच. जूनच्या सुमाराला मादीमागे पिल्लांची रांग दिसते. पानगळीत मोठे थवे, खाली तांबडी-पिवळी पानं, त्यामुळे पक्षी पार्श्वभूमीत बुडून जातो आणि नवशिक्याची पंचाईत होते. पहिलं चित्र हिवाळ्यातलं करा. बर्फावर गडद पक्षी उठून दिसतो, बाह्यरेषा स्वच्छ कळते आणि बर्फ रंगवावा लागत नाही, कारण कागद पांढराच असतो.

जवळ जायचं नाही

चित्रासाठी टर्कीला जवळ बोलवायला दाणे टाकण्याचा मोह होतो. टाकू नका. हाताने मिळालेल्या खाण्याची सवय लागली की पक्षी धीट होतो आणि मग टपालवाल्याच्या, लहान मुलांच्या मागे लागतो. टर्क्यांच्या थव्यात वरचा-खालचा असा क्रम असतो आणि माणूस घाबरून मागे सरला की तो आपल्यापेक्षा खालचा, असा हिशोब त्या मांडतात. वसंतात नर गाडीच्या चकचकीत दारात स्वतःचं प्रतिबिंब बघून त्याच्यावर चोची मारतो. गाडी झाकली की प्रश्न मिटतो. टर्की अंगावर आलीच तर पाठ दाखवून पळायचं नाही. हात वर करून मोठा आवाज करायचा किंवा छत्री उघडायची. हे सगळं टाळायचं तर घराची खिडकी हीच बैठक. पडदा अर्धा ओढून घ्या, आतला दिवा बंद ठेवा आणि खुर्ची खिडकीपासून थोडी मागे घ्या, म्हणजे पक्षी बुजत नाही.

स्मरणचित्राचा जुना पेपर

शाळेच्या त्या परीक्षांमध्ये स्मरणचित्राचा पेपर असायचा. बाजार, बसस्टॉप, पावसातली शाळा, असं काहीतरी आठवून काढायचं. ती सवय इथे फार उपयोगी पडते, कारण टर्की पोझ देत नाही.

पहिले काही दिवस रंगाला हात लावू नका. स्वस्तातली वही आणि मऊ पेन्सिल घ्या. पक्ष्याकडे मिनिटभर नुसतं बघा, मग नजर वहीवर आणा आणि जेवढं आठवतं तेवढंच एका ओढीत काढा. पुन्हा वर बघून दुरुस्त करायचं नाही. पुढची आकृती शेजारी, नव्याने. पानभर अशा लहान लहान आकृत्या झाल्या की लक्षात येतं, टर्कीच्या ठरलेल्या मोजक्याच मुद्रा आहेत: मान खाली घालून खाणारी, मान ताठ करून पहारा देणारी, एक पाय उचलून थबकलेली, पाठ वळवून पीस साफ करणारी. थव्यात त्याच मुद्रा फिरून फिरून येतात. एक निघून गेली तर दुसरी तीच मुद्रा घेते, म्हणून अर्धवट राहिलेली आकृती पूर्ण करता येते.

फोटो काढायला हरकत नाही, पण तो तपशिलासाठी, आकारासाठी नाही. फोनच्या फोटोत गडद पक्ष्याचं अंग बहुधा एकसारखं काळं येतं आणि त्यावरून रंगवलं की चित्रातही काळा ठोकळाच येतो. डोळ्याला सावलीतले रंग दिसतात, फोनला दिसत नाहीत. बघतानाच आकृतीशेजारी शब्दांत टिपून ठेवा: "खांद्यावर हिरवा, शेपटीजवळ तांबूस, पोटाखाली थंड गडद." हे टिपण फोटोपेक्षा उपयोगी पडतं.

अंगाची ठेवण

टर्कीचं धड आडवं आणि लांबट असतं. मागे शेपटीकडे निमुळतं, पुढे छातीशी भरदार. नवशिके हमखास धड गोल काढतात आणि कोंबडी होते. मान वाटते त्याहून लांब आणि बारीक, डोकं तर फारच लहान. धडाच्या मानाने डोकं हास्यास्पद लहान वाटलं म्हणजे प्रमाण बरोबर आलं असं समजा.

पायाचा जो सांधा आपल्याला उलटा वळलेला गुडघा वाटतो तो खरं तर घोटा आहे. गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. म्हणून दिसणाऱ्या पायाचा कोन पुढच्या बाजूला उघडतो. तीन बोटं पुढे, एक छोटं मागे. पाय धडाच्या मध्याखाली घ्या, शेपटीकडे सरकवले तर पक्षी तोंडावर पडेल असा दिसतो. सोपी तपासणी अशी: डोळ्यापासून खाली आणि पाठीच्या उंचवट्यापासून खाली अशा दोन उभ्या रेषा मनात ओढा. उभ्या राहिलेल्या टर्कीची पावलं साधारण या दोहोंच्या मध्ये येतात.

नर आणि मादी ओळखणं रंगासाठी महत्त्वाचं. नराच्या छातीवरच्या पिसांची टोकं काळी, म्हणून तो लांबून काळसर दिसतो. मादीच्या पिसांची टोकं फिकट बदामी, म्हणून ती तपकिरी. नर नऊ-दहा किलोपर्यंत भरतो, मादी साधारण त्याच्या निम्मी. नराच्या छातीतून घोड्याच्या केसांसारखा दिसणारा झुपका लोंबतो, त्याला इथे सरळ दाढीच म्हणतात. प्रत्यक्षात ती रूप बदललेली पिसंच आहेत. काही माद्यांनाही दाढी असते, तेव्हा नुसती दाढी बघून नर ठरवू नका, डोकंही बघा.

सामान थोडकंच

कागद ३०० जीएसएमचा, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरबरीत. कागदावर काटकसर करू नका, रंगात करा. पातळ कागद पहिल्याच वॉशला, म्हणजे पाणीदार रंगाच्या थराला, फुगतो आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. ९ बाय १२ इंचाचा पॅड पुरेसा.

ब्रश दोन: आठ नंबरचा गोल आणि तीन-चार नंबरचा गोल. तिसरा लांब केसांचा बारीक रिगर मिळाला तर दाढीसाठी आणि गवतासाठी छान.

रंग सहा: यलो ओकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू, सेरुलियन ब्लू, क्रिमसन, व्हिरिडियन. कुणी पुण्या-मुंबईहून येणार असेल तर कॅमलच्या ट्यूब मागवा, सुरुवातीला चालतात. पोस्टर कलर मात्र नको. परीक्षेत आपण पोस्टर कलरने सपाट रंग भरायला शिकलो, तिथे फिकट रंग गडदावर चढवता येतो. जलरंगात उजेड म्हणजे खालचा कागद, त्यावर एकदा गडद चढला की तो गेला. हा एक बदल मनात पक्का केला की निम्मं काम झालं.

काळी ट्यूब बाजूला ठेवा

खऱ्या चित्राआधी एक संध्याकाळ फक्त रंगांच्या पट्टीला द्या. हा भाग वगळू नका, टर्कीची सगळी गंमत इथेच आहे.

टर्कीच्या पिसांतला तांबूस-हिरवा झळाळ हा रंगद्रव्याचा रंग नाही. पिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विशिष्ट तऱ्हेने परततो, म्हणून कोन बदलला की रंग बदलतो. ट्यूबमध्ये असा रंग नसतो. चमकणारे, धातूची पूड घातलेले जलरंग मिळतात, पण त्यांनी केलेली टर्की दिवाळीच्या भेटकार्डावरची दिसते. आपल्याला तो परिणाम गरम आणि थंड गडद रंग शेजारी ठेवून साधायचा आहे.

कागदाच्या पट्टीवर पहिली जोडी: बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन. एका टोकाला सिएना जास्त, दुसऱ्या टोकाला निळा जास्त, मध्ये हळूहळू प्रमाण बदलत न्या. एका बाजूला गरम चॉकलेटी, दुसऱ्या बाजूला पावसाळी ढगाचा निळसर राखाडी, आणि मध्ये कुठेतरी जवळजवळ काळा. हा मधला काळा जिवंत दिसतो, कारण त्यात दोन्ही रंग वेगवेगळे जाणवत राहतात. दुसरी जोडी: क्रिमसन आणि व्हिरिडियन. हे दोन भडक रंग एकमेकांना मारतात आणि फार खोल गडद मिळतो. हिरवा किंचित जास्त ठेवला तर टर्कीच्या खांद्यावरचा रंग, क्रिमसन जास्त ठेवला तर कमरेजवळचा जांभळट.

मग तिसरी पट्टी. यलो ओकर आणि बर्न्ट सिएनाचा पातळ वॉश द्या, पूर्ण वाळू द्या. वाळला की नाही हे हाताच्या मागच्या बाजूने पाहा: कागद थंड लागला तर अजून ओला आहे. वाळल्यावर त्यावर व्हिरिडियनचा अगदी पाणीदार थर ओढा. खालचा तांबूस वरच्या हिरव्यातून दिसतो आणि कांस्याची झाक येते. हाच थर ओल्या रंगावर दिला असता तर दोन्ही मिसळून शेवाळी चिखल झाला असता. दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी करून बघा, वाचून हे पटत नाही.

एक लक्षात असू द्या: जलरंग वाळल्यावर फिकट होतो. ओला असताना योग्य वाटलेला गडद सकाळी पांचट दिसतो. पट्टीवर ओला आणि वाळलेला यांतला फरक एकदा डोळ्याने पाहिला की हात आपोआप दाट रंग घ्यायला लागतो.

आता चित्र

विषय: बर्फात उभा नर, पिसारा मिटलेला, तोंड डावीकडे, दुपारनंतरचं ऊन डावीकडून.

हलक्या हाताने बाह्यरेषा काढा. पक्षी शेपटीसकट सहा-सात इंच लांब असू द्या, पुढे थोडी मोकळी जागा. पाठीवर जिथे ऊन पडलंय तिथे एक लांबट पट्टा पेन्सिलने आखून ठेवा. पंखाची कड, डोकं, पाय. पिसं काढायची नाहीत, एकही नाही.

डोकं आधी रंगवा. बहुतेकजण ते शेवटी करतात. माझा आग्रह उलटा आहे: चित्र पडणार असेल तर ते डोक्यावरच पडतं, मग धडावर तासभर घालवून नंतर कळण्यापेक्षा पहिल्या दहा मिनिटांत कळलेलं बरं. नाही जमलं तर कागद उलटा करा आणि मागे पुन्हा सुरुवात करा.

नराचं डोकं आणि मान जवळजवळ उघडी असते. कातडीवर गाठी, गळ्याखाली लोंबती लोळी आणि चोचीवर एक मांसल लोंबणारा तुकडा, त्याला इथे स्नूड म्हणतात. रक्तवाहिन्यांत रक्त कमी-जास्त झालं की या कातडीचा रंग बदलतो. शांत नर, चिडलेला नर आणि मादीपुढे मिरवणारा नर यांची डोकी वेगवेगळी दिसतात: लाल, पांढरं, निळं आणि यांची मिश्रणं. स्नूडही लांबतो, आखडतो.

या रंगबदलाचं एक जुनं वर्णन आपल्या बाजूचंच आहे. १६१२ साली मुकर्रबखान हा दरबारी गोव्याहून जहांगीर बादशहासाठी चित्रविचित्र पशुपक्षी घेऊन गेला, त्यात एक टर्की होती. अमेरिकेतून युरोपियन जहाजांवरून फिरत आलेली पाळीव जातीची असणार. जहांगीर ते डोकं बघून चक्रावला. कधी पोवळ्यासारखं लाल, कधी कापसासारखं पांढरं, कधी फिरोजा रंगाचं, सरड्यासारखं बदलतं, असं त्याने आपल्या आठवणींत नोंदवून ठेवलं आणि चित्रकारांना चित्र काढायला सांगितलं. त्याच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूर या चित्रकाराने केलेलं टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. म्युझियमच्या संकेतस्थळावर ते मोठं करून बघा. पक्षी बाजूने दिसणारा, पार्श्वभूमी मोकळी. मन्सूरचे रंग अपारदर्शक होते आणि पिसंन्‌पिसं काढण्याचा त्याचा हात आपल्याकडे नाही, पण डोक्यावर तीन रंग कसे शेजारी ठेवलेत ते बघण्यासारखं आहे.

आपली कृती अशी. डोक्याचा माथा कोरा सोडा, तो पांढरा. डोळ्याभोवती आणि गालावर सेरुलियनचा पातळ ठिपका, कडा ओल्या ब्रशने विरवून. हे पूर्ण वाळू द्या. मग गळ्याच्या गाठी आणि लोळी क्रिमसनमध्ये किंचित यलो ओकर घालून. निळ्या आणि लाल रंगामध्ये केसाएवढी कोरी फट ठेवा, नाहीतर दोघांचं जांभळं होतं आणि पक्षी आजारी दिसतो. गाठी एकेक काढू नका. लाल वाळल्यावर त्यावर गडद लालाचे चार-पाच ठिपके पुरतात. डोळा म्हणजे गडद तपकिरी ठिपका, वरच्या बाजूला सुईच्या टोकाएवढा कागद मोकळा. मादी काढत असाल तर डोकं निळसर राखाडी, त्यावर बारीक पिसं, लाल जवळजवळ नाहीच.

डोकं जमलं? मग धड. थंडीत घरातलं हीटिंग हवा कोरडी करतं आणि वॉश बघता बघता वाळतो, म्हणून रंग आधीच भरपूर कालवून ठेवा. यलो ओकर आणि बर्न्ट सिएनाचा पाणीदार वॉश मानेच्या मुळापासून शेपटीपर्यंत एकसलग न्या. उन्हाचा आखलेला पट्टा आणि पंखाची कड सोडून. वॉश ओला आहे तोवर खांद्यावर थोडं व्हिरिडियन आणि कमरेजवळ थोडं क्रिमसन टेकवा आणि ब्रश उचलून घ्या. ढवळू नका. रंग आपापला पसरेल, थोडा तुमच्या मनाविरुद्धही पसरेल, पसरू द्या. उठा, चहा करा. हा चहा फार कामाचा आहे, कारण ओल्या वॉशशी खेळत बसणं हे जलरंग बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण.

वाळल्यावर दुसरा थर: बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन, मध्यम दाट. हा फक्त सावलीच्या बाजूला: पोट, छातीचा खालचा भाग, पंखाखालचा भाग. पाठीकडे येताना कड ओल्या ब्रशने विरवत न्या. पहिल्या थरातला तांबूस आणि हिरवा मोठा भाग उघडा राहिला पाहिजे. इथे हात आवरला नाही तर झळाळ संपला.

आता पिसं, पण फक्त जिथे उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यात. टर्कीच्या पाठीवरची पिसं मंगलोरी कौलांसारखी एकावर एक बसलेली असतात. टोकं गोल नाहीत, चौकोनी वाटावीत अशी कापलेली, आणि टोकाला गडद कड. वरच्या ओळीची गडद कड खालच्या ओळीवर सावली टाकते. लहान ब्रशने ती कडच काढा, पूर्ण पीस नाही. मानेजवळ लहान, कमरेकडे मोठ्या होत जातात, आणि ओळ अंगाच्या गोलाईबरोबर वळते. दहा-बारा कडा काढल्या की थांबा. उन्हातली पिसं आणि खोल सावलीतली पिसं बघणारा स्वतः भरून घेतो. सगळी पिसं काढलेली टर्की खवल्यांच्या माशासारखी होते.

पंखाच्या मोठ्या पिसांवर गडद आणि पांढरे आडवे पट्टे असतात. मिटलेल्या पंखावर हे पट्टे जवळजवळ येऊन जाळीसारखं दिसतं. पांढरे पट्टे कागदाचे, आपण मधले गडद तुकडे भरायचे. दोन तुकड्यांमधलं अंतर थोडं कमी-जास्त होऊ द्या, पट्टीने आखल्यासारखं नको.

सगळ्यात गडद रंग शेवटी, आणि फार थोड्या जागी: पंखाच्या खालच्या कडेला, पोटाच्या तळाशी, शेपटीच्या मुळाशी. क्रिमसन आणि व्हिरिडियन, ट्यूबमधून काढल्यासारखे दाट, पाणी नावाला. हे तीन गडद तुकडे बसले की आधी फिका वाटणारा पाठीवरचा तांबूस अचानक चमकायला लागतो. दाढी याच रंगाने, जवळजवळ कोरड्या ब्रशने, वरून खाली एका झटक्यात. पाय बर्न्ट सिएनात थोडं क्रिमसन घालून. बोटं जमत नसतील तर बर्फात बुडालेली दाखवा, कोणी हरकत घेणार नाही.

राहिली सावली. निरभ्र दिवशी बर्फावरची सावली निळी असते, राखाडी नाही, कारण तिथे फक्त आकाशाचा उजेड पोचतो. अल्ट्रामरीनमध्ये चिमूटभर क्रिमसन, भरपूर पाणी, पायापासून सुरू करून उजवीकडे एकाच ओढीत. सावली पायाला चिकटलेलीच हवी, मध्ये फट राहिली तर पक्षी हवेत तरंगतो. मागे झाडं वगैरे हवी असतील तर दोन-तीन पुसट खोडं पुरेत.

बिघडलं तर

रंग चिखलासारखा झाला तर कारण बहुधा तीनपैकी एक असतं: खालचा थर वाळला नव्हता, एकाच जागी तीनपेक्षा जास्त रंग गेले, किंवा पाण्याचा ग्लास कधीच बदलला नाही. तिसरं कारण सगळ्यात जास्त आढळतं, आणि सगळ्यात कमी मानलं जातं. दोन ग्लास ठेवा.

उन्हाचा पट्टा चुकून भरला गेला तर घाबरू नका. वाळल्यावर स्वच्छ ओल्या ब्रशने हलकं घासून टिशूने टिपा, रंग बराचसा उठतो. व्हिरिडियन आणि बर्न्ट सिएना त्या मानाने सुटतात, क्रिमसन कागद पकडून बसतं. पांढऱ्या गवाशची, म्हणजे अपारदर्शक जलरंगाची, ट्यूब जवळ असली तर डोळ्यातला ठिपका आणि पंखावरचा एखादा पट्टा यापलीकडे ती वापरू नका.

मग पिसारा

बंद पिसाऱ्याची टर्की दोन-चार वेळा जमली की एप्रिलमध्ये पिसारा घ्या. शेपटीत साधारण १८ मोठी पिसं असतात. प्रत्येक पिसावर बारीक आडव्या रेघा, टोकाजवळ एक रुंद काळा पट्टा आणि अगदी टोकाला बदामी-तांबूस कड. पूर्वेकडच्या टर्कीत ही कड गडद बदामी असते. कॅलिफोर्नियात बहुतेक रिओ ग्रांदे प्रकारची टर्की आहे, तिच्या शेपटीची कड फिकट, पिवळसर. बे एरियात राहणाऱ्यांनी तिथे बर्न्ट सिएनाऐवजी पातळ यलो ओकर घ्यावा.

आधी शेपटीच्या मुळाशी एक बिंदू ठरवा. सगळी पिसं त्या बिंदूतून निघतात. मग बाहेरची कड, पक्षी समोरून असेल तर अर्धवर्तुळ, तिरका असेल तर दबलेलं. त्यानंतर काळा पट्टा त्या कडेला समांतर, पूर्ण पिसाऱ्यावर एकच वळण म्हणून रंगवा. पिसांच्या विभागणीच्या रेषा त्यावर नंतर. उलट केलं, म्हणजे पीस-पीस करत गेलं, की पट्टा करवतीसारखा खालीवर होतो. पिसाऱ्यातली मधली पिसं बाजूच्यांपेक्षा उंच निघालेली दिसली तर तुमचं चुकलेलं नाही. तो वर्षभराचा तरुण नर आहे, त्याचा पिसारा तसाच असतो.

जूनमध्ये पिल्लं आली की वही पुन्हा काढा. ती क्षणभर एका जागी राहत नाहीत आणि दोनेक आठवड्यांत उडायलाही लागतात, तेव्हा बाह्यरेषेच्या मागे लागू नका. यलो ओकरचे पाच-सहा ओले ठिपके गवतात टाका, आई ज्या दिशेला चालली आहे त्याच दिशेला कललेले, आणि वाळल्यावर प्रत्येकाला डोळा, पाठीवर एक-दोन गडद रेघा आणि पाय द्या. आईला आधी रंगवा, म्हणजे पिल्लांचा आकार तिच्या पायाच्या उंचीवरून ठरवता येतो.